यावर बसता येईल का?

एक बॅग घ्यायची होती. घर नाही, जमीन नाही, नुसती बॅग. हे आधीच स्पष्ट सांगून टाकतो, कारण नंतर आमच्या सोसायटीत जी सभा झाली, जी तोंडातोंडी झाली, आणि ज्यापायी पहिला मजला आणि चौथा मजला अजून एकमेकांशी बोलत नाहीत, त्या सगळ्याचं खापर लोक माझ्या डोक्यावर फोडतात. मी फक्त बॅग आणली. उतार आधीपासून होता.

बॅग हवी होती आईसाठी. आईची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, मुलाकडे परदेशी कायमची राहायला निघाली होती. आईने तिला फोन केला, "ताई, तू जायच्या आत मी येऊन भेटते तुला."

फोनवर बोलताना मावशी समोर माणूस नसून डोंगर आहे असं समजून बोलते, त्यामुळे तिचं उत्तर आम्हाला सगळ्यांनाच ऐकू आलं. "तू कशी येणार गं धाकटे? जिना तरी धड उतरता येतो का तुला? ते गुडघे घेऊन घरी बस. फोनवर बोलतोय की आपण!"

आईने फोन ठेवला. मग माझ्याकडे वळली. "तिकीट काढ. मी माझ्या पायांनी जाऊन तिच्यासमोर उभी राहणार आहे. घरी बस म्हणे! आणि हे बघ, ती एकदा गेली की गेली. आमची वयं बघ. यानंतर भेट नाही."

शेवटचं वाक्य तिने अगदी साध्या आवाजात म्हटलं. मी त्याच दिवशी रजा मागितली आणि साहेबांनी नेहमीप्रमाणे ती अशी दिली की आम्ही मावशीच्या गावी पोचणार त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीचं विमान. म्हणजे आमचं विमान चुकलं तर संपलंच सगळं. हे कळल्यावर मावशी फोनवर म्हणाली, "विमानतळावर मीच येते घ्यायला. तू हरवशील." आईने ओठ आवळून घेतले. या दोघी लहानपणापासून अशाच आहेत म्हणतात.

आमची जुनी बॅग माळ्यावर होती. कापडी. तिचं एक चाक कुठल्याशा स्टेशनवर राहिलेलं, त्यामुळे ती ओढली की डावीकडे वळायची आणि माणसालाही वळवायची. चेन सेफ्टी पिनेवर तगलेली. मी त्याच क्षणी ठरवलं, नवी बॅग घ्यायची. कडक, चार चाकांची, आणि पुन्हा या जन्मात घ्यावी लागणार नाही अशी. मी एकदा ठरवलं की ठरवलं. बायको याला दुसरा शब्द वापरते.

मी खरेदी विभागात नोकरी करतो हे इथे सांगायला हवं. आमच्याकडे टाचण्या घ्यायच्या असल्या तरी तीन दुकानांचे भाव, तुलना, नमुना, प्रात्यक्षिक आणि साहेबांची सही लागते. लोक हसतात. हसोत. आमच्या कार्यालयातली टाचणी वाकलेली कोणी दाखवावी. कधीकधी टाचणी येईपर्यंत कागदाचीच गरज संपलेली असते, पण तो प्रश्न दुसऱ्या विभागाचा.

"मला एकच सांग," आई म्हणाली. "त्या बॅगेवर बसता येईल का?"

"आई, बॅग बसायला नसते."

"रांगेत उभं राहवत नाही रे मला. म्हणून विचारते."

"तिथे चाकांची खुर्ची मिळते. मी फोन करून सांगून ठेवतो."

"चाकांच्या खुर्चीत आजारी माणसं बसतात. मी आजारी आहे का?"

"नाही, पण..."

"मग बॅगेवर बसता येईल का ते बघ."

मी ही मागणी मनातल्या मनात 'इतर सूचना' या सदरात टाकली. आमच्या कार्यालयात इतर सूचनांचं काय होतं हे मी सांगत बसत नाही.

बॅग घेणार ही बातमी जिन्यात कशी फुटली कळत नाही, पण संध्याकाळपर्यंत समोरच्या वहिनी हजर. यांना सगळी इमारत 'परदेशी वहिनी' म्हणते. त्या एकदा भावाकडे परदेशी जाऊन आल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या बॅगेच्या मुठीला विमानाची ती कागदी पट्टी अजून चिकटलेली आहे. ती बॅग त्या हॉलमध्येच ठेवतात, पट्टी पाहुण्यांच्या बाजूला करून.

"चेनवाली घेऊच नका," त्या म्हणाल्या. "पेन खुपसलं की चेन उघडते. आत हात घालतात, आणि चेन परत ओढून घेतात. तुम्हाला पत्ताही लागत नाही."

"माझं काय काढून नेणार?" आई म्हणाली. "गुडघ्याचं तेल?"

तेवढ्यात फौजदार आले. हे आमचे सोसायटीचे सेक्रेटरी. पोलिसांशी त्यांचा काडीचा संबंध नाही, बँकेत रोखपाल होते, पण मिशा आहेत आणि कोणालाही जिन्यात अडवून "कुठे निघालात?" असं विचारायची सवय आहे. ते म्हणाले, "चार चाकं म्हणजे चार ठिकाणी बिघाड. दोन चाकांची घ्या आणि ओढा. आम्ही आयुष्यभर ओढलं."

आम्ही तिघं दुकानात गेलो. मी, बायको आणि आई. मी खरं तर आईला घरी ठेवणार होतो, पण ती आधीच चपला घालून दारात उभी होती.

बॅगांच्या दुकानात मी पहिल्यांदाच इतका वेळ काढला आणि सांगतो, हा विषय वरवर दिसतो तेवढा सोपा नाही. एक प्लास्टिक कडक असतं, दुसरं लवचीक. चाकं एकेरी असतात, जोड असतात. वरची दांडी एकाच नळीवर असेल तर ती पुढे डुगडुगते. विक्रेता बोलत होता, मी मान हलवत होतो, आणि मध्येच बायकोने मला कोपराने ढोसलं. मागे वळून पाहतो तर आई मांडून ठेवलेल्या बॅगांवर एकेक करून बसून बघत होती.

"आई! ऊठ! लोक बघताहेत!"

"बघू देत. ही बोचते." ती उठली आणि शेजारच्या जांभळ्या बॅगेवर बसली. जराशी मागेपुढे झाली. "ही बरी आहे. थोडी दबते, पण परत वर येते."

"दबते?" मी म्हणालो. "दबणारी बॅग मी विकत घेऊ?"

"आजी बरोबर बोलतायत साहेब," विक्रेता म्हणाला. "ही दाबली की..."

मी त्याला हातानेच थांबवलं. खरेदीत भावनेला जागा नसते. मी काळी, चकचकीत, बोटाने टिचकी मारली की खणखण वाजणारी बॅग निवडली. दगड होती दगड. आई नुसतं "बरं" म्हणाली. तिच्या त्या 'बरं'चे अर्थ मला लहानपणापासून माहीत आहेत, तरी मी पैसे दिले.

आता प्रात्यक्षिक. विमानतळावर बॅगा कशा फेकतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. प्रवासात फुटण्यापेक्षा घरी फुटलेली बरी, असा माझा साधा हिशेब. बॅगेत रद्दी भरली, कुलूप लावलं आणि आमच्या मजल्यावरून खालच्या वळणापर्यंत जिन्याने सोडून दिली. पहिल्या काही पायऱ्या ती फार ऐटीत गेली. मग कोपऱ्यावर आपटली, आणि जो आवाज झाला त्याने सगळ्या मजल्यांची दारं उघडली.

फौजदार बनियनवर वर आले. "जिन्यात काय पडलं?"

"बॅग."

"कशी पडली?"

"टाकली."

"का?"

"फुटते का बघायला."

त्यांनी खाली पाहिलं. बॅगेच्या कोपऱ्याला टाळूपासून हनुवटीपर्यंत चीर गेली होती आणि त्यातून जुन्या रविवारच्या पुरवण्या डोकावत होत्या. "फुटली," ते म्हणाले. माणूस रोखपाल होता, निदान बोलणं मोजकं आहे.

दुसऱ्या दिवशी मी बॅग घेऊन वॉरंटीच्या खिडकीवर. तिथल्या गृहस्थांनी चीर बघितली, मला बघितलं, आणि म्हणाले, "आपटल्यामुळे फुटली तर वॉरंटीत बसत नाही."

"मग कशामुळे फुटली तर बसते?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, मी साक्षीला आहे. "आपोआप."

"म्हणजे घरात नुसती उभी असताना?"

"हो. तशी फुटली तर घेऊन या."

मला संताप आवरेना. बॅगेला धक्का नाही बसणार तर काय गालिच्यावर निजणार? पण मी आवाज चढवला नाही. मी त्यांच्यासारख्याच खुर्चीत बसतो ना कार्यालयात, मला ती खुर्ची माहीत आहे. मी फक्त म्हणालो, "बरं, मग मी इथेच थांबतो," आणि खिडकीसमोर त्या फुटक्या बॅगेशेजारी उभा राहिलो. गिऱ्हाईक आलं की मी कोपरा दाखवायचो. बोलायचो काही नाही. दुपारी आतून मॅनेजर आले आणि किमतीतला फरक घेऊन दुसरी बॅग द्यायला तयार झाले.

मी जांभळी उचलली. घरी आईने बघितली आणि पुन्हा "बरं" म्हणाली. हे दुसरं 'बरं' पहिल्यापेक्षा वाईट होतं.

जांभळी जिन्यावरून सोडली. ती गडगडली, आपटली, पोटात केवढा तरी खड्डा पडला, आणि आमच्या डोळ्यांदेखत टप्प करून तो खड्डा बाहेर आला. परदेशी वहिनींनी टाळ्या वाजवल्या. मी बॅग हॉलमध्ये आणून टीव्हीच्या भिंतीशी उभी केली, हात झाडले आणि चहा मागितला. चहा येईस्तोवर बॅग गॅलरीच्या दाराशी होती.

"तू हलवलीस?"

"मी आत होते," बायको म्हणाली. "तुम्हीच ढकलली असेल."

मी ती परत भिंतीशी नेली. आम्ही सगळे बघत बसलो. बॅगेने जरा विचार केल्यासारखं केलं आणि निघाली. सावकाश, कोणाचीही घाई नसलेल्या माणसासारखी, सोफ्याच्या कोपऱ्याला वळसा घालून गॅलरीच्या काचेला जाऊन टेकली. चाकं इतकी चांगली होती की आमच्या हॉलला उतार आहे हे आम्हाला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण परदेशी वहिनी तिथेच होत्या. "आमच्याकडे नेऊन बघू या हं," म्हणत त्या बॅग घेऊन गेल्यासुद्धा. त्यांच्याकडे ती स्वयंपाकघराकडे गेली. चौथ्या मजल्यावर बाथरूमकडे. पहिल्या मजल्यावर थेट मुख्य दरवाजाकडे, जणू पाहुण्यांना घालवायला निघाली आहे. फौजदारांच्या घरात मात्र बॅग जागची हलली नाही, आणि त्यावर जिन्यात जी कुजबुज सुरू झाली तिच्यात "सेक्रेटरीचंच घर बरं सपाट!" हे वाक्य मी स्वतः दोनदा ऐकलं.

झालं. रविवारी तातडीची सभा. पहिल्या मजल्याचं म्हणणं, चौथ्याने गच्चीवर टाकी वाढवली म्हणून इमारत बसली. चौथ्याचं म्हणणं, पहिल्याने आतली भिंत पाडली म्हणून वाकली. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "तुमच्या बाथरूमकडे गेली यात नवल नाही," आणि मग कोणी कोणाचं ऐकेना. ठरलं एवढंच की बांधकाम कंपनीचा इंजिनीअर बोलवायचा आणि त्याच्यासमोर प्रत्येक घरात पुन्हा बॅग सोडून दाखवायची.

आणि तेव्हा मी, खरेदी विभागात आयुष्य घालवलेला मी, हात वर करून म्हणालो, "मोजमाप एकाच साधनाने व्हायला हवं. मध्ये साधन बदललं, वापरलं, त्याची चाकं झिजली, तर निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही."

सगळी सभा शांत झाली. माझ्या बोलण्याने सभा शांत होण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मला बरं वाटलं. फौजदारांनी हळूच मिशीवरून बोट फिरवलं. "अगदी योग्य. मग इंजिनीअर येईपर्यंत बॅग सोसायटीच्या कार्यालयात कुलपात राहील."

"अहो, पण माझी बॅग आहे ती!"

"तुमची नाही असं कोण म्हणतंय? पण आता ती पुरावा आहे. तुम्हीच सांगितलंत."

बायकोने कपाळावर हात मारला. काय बोलणार? मुद्दा नियमाला धरून होता. नियमाला धरून काही आलं की माझी वाचा बसते.

इंजिनीअर आज येतो, उद्या येतो. त्याला ताप आला, मग त्याच्या साहेबांना ताप आला. मी रोज फौजदारांच्या दारात. "फक्त प्रवासापुरती द्या हो. परत आल्यावर हवी तितकी सोडा घराघरात." ते म्हणायचे, "पहिला मजला तयार आहे, चौथा हरकत घेतोय." आई यातलं सगळं ऐकत होती. तिने आपले कपडे घड्या करून खाटेवर रचून ठेवले होते आणि रोज त्यांच्यावरून हात फिरवून ते पुन्हा सारखे करायची. त्यात मावशीसाठी विणलेला एक स्वेटर होता, राखाडी, कारण मावशी जाणार तिकडे थंडी असते.

निघायच्या आदल्या दिवशी फौजदारांनी शब्द दिला की सकाळी बॅग देतो. सकाळी मी खाली गेलो तर त्यांच्या दाराला कुलूप. शेजारून कळलं, पहाटेच मेव्हण्याकडे गेले, संध्याकाळी येतील. कार्यालयाची किल्ली त्यांच्या खिशात. फोन केला तर त्यांचा फोन दाराच्या आतच वाजत होता.

वर आलो. बायकोने माळ्यावरची कापडी बॅग काढून ती भरायला घेतली होती, आणि मी दारात पाऊल ठेवलं तेव्हाच तिची मूठ बायकोच्या हातात आली. आई केव्हाची तयार होऊन खुर्चीत बसली होती, शाल घेऊन, पर्स मांडीवर धरून.

"मिळाली का रे?" तिने विचारलं.

मी रिकामे हात दाखवले.

"जाऊ दे. पिशव्यांत घालू कपडे," ती म्हणाली. "पण निघू या. ताई वाट बघत बसेल."

ते ऐकून माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी हत्यारांच्या डब्यातून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खाली गेलो. कार्यालयाच्या दाराला कुलूप भलं थोरलं होतं, पण ते ज्या कडीला लावलं होतं ती कडी बाहेरूनच स्क्रूंवर बसवलेली. तीन दुकानांचे भाव घेतले असते तर असली कडी कधीच बसली नसती. स्क्रू काढले, कडी कुलपासकट लोंबकळली, दार उघडलं. आत माझी जांभळी बॅग, तिच्या गळ्यात सोसायटीचा शिक्का मारलेली चिठ्ठी. मी बॅग घेतली आणि टेबलावरच्या कागदावर 'वस्तू मिळाली' असं लिहून खाली सही केली. चोर पोच देत नाहीत, हे फौजदारांनी लक्षात घ्यावं.

परदेशी वहिनी जिन्यात उभ्या होत्या. त्यांनी बॅग बघितली, स्क्रू ड्रायव्हर बघितला, आणि म्हणाल्या, "मी काही पाहिलं नाही. पण चेन नीट लावा."

बॅग भरली, आईला जिना उतरवला आणि आम्ही दोघं टॅक्सीत बसलो, तोपर्यंत उशीर झालाच होता. त्यात विमानतळाच्या दारासमोरचा रस्ता खणून ठेवलेला. टॅक्सीवाला म्हणाला, "यापुढे गाडी जात नाही, चालत जावं लागेल." समोर इमारत दिसत होती, पण आईच्या गुडघ्यांच्या हिशेबाने ती दुसऱ्या जिल्ह्यात होती. मी चाकांच्या खुर्चीसाठी फोन केला होता ना? केला होता. तिथला माणूस म्हणाला, "नोंद आहे साहेब तुमची. खुर्ची दुसऱ्या दारावर गेलीय. येईलच."

"केव्हा?"

"येईलच."

आपोआप, मी मनात म्हटलं.

आई माझ्या दंडाला धरून थोडं चालली. थांबली. पुन्हा थोडं चालली. मग एका खांबाला टेकून उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बघितलं. "नाही पोचायची का रे मी?"

इतक्या दिवसांत तिने हे एकदाही म्हटलं नव्हतं. जिना, वॉरंटी, सभा, इंजिनीअर, सगळ्यांतून मी तरलो होतो, पण हा प्रश्न त्यांतल्या कशातच बसत नव्हता. मी इकडे तिकडे बघू लागलो. खुर्ची नव्हती. आईचं लक्ष मात्र बॅगेकडे गेलं होतं.

"उभी कर ती," आई म्हणाली.

"आई, इथे?"

"मग कुठे, दुकानात?"

मी बॅग उभी केली. ती बसली. पर्स मांडीवर घेतली, पाय जमिनीपासून वर उचलले, पाठ दांडीला टेकवली. "ढकल."

मी आजूबाजूला पाहिलं. मी जबाबदार पदावरचा माणूस आहे. माझ्या शेऱ्याशिवाय टाचणी हलत नाही. तो मी, भर विमानतळावर, जांभळ्या बॅगेवर बसलेल्या आईला ढकलायला लागलो. आणि काय सांगू, ती बॅग अशी निघाली! ना खडखड, ना वळण. लोक बाजूला होत होते. एका लहान मुलीने आपल्या आईला सांगितलं, "मला पण अशी पाहिजे." दारातला रखवालदार पुढे झाला. "साहेब, बॅगेवर बसायला परवानगी नाही."

"कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

तो फलक शोधायला वळला, आणि त्याला तो सापडायच्या आत आम्ही आत होतो.

काउंटरवरची मुलगी 'बंद'ची पाटी लावण्याच्या बेतात होती. आम्हाला येताना बघून तिचा हात तसाच राहिला. "बॅग वजनाला ठेवा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "आजींना उतरवून."

विमानात आई खिडकीशी बसली आणि सगळा वेळ एकच म्हणत होती, "आता तिच्यासमोर उभी राहते बघ." उतरल्यावर पट्ट्यावरून जांभळी बॅग आली. अंगावर ओरखडा नाही. आईने तिला सगळीकडून बघून घेतलं. आरशात केस सारखे केले, शाल नीट घेतली.

"हात सोड माझा," ती म्हणाली. "आता मी एकटी चालणार."

मी बॅग घेऊन मागे राहिलो. ती चालू लागली. पावलं लहान होती, पण मान ताठ. बाहेरचं काचेचं दार उघडलं आणि आई थांबली.

समोर मावशी होती. चाकांच्या खुर्चीत. मागे तिचा मुलगा, दोन्ही हातांनी खुर्ची धरून.

आई म्हणाली, "ताई. हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"बोलली नाहीस मला!"

"काय बोलणार?" मावशीचा तो डोंगराशी बोलायचा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "तू म्हणत होतीस, माझ्या पायांनी येणार. म्हटलं, तू ये. सांगितलं असतं तर रडत बसली असतीस आणि आलीच नसतीस."

आई तिच्यासमोर उभी होती. जे ठरवून आली होती ते तिने केलं होतं. पण आता तिला मावशीकडे बघायला मान खाली घालावी लागत होती, आणि मावशीला वर करावी लागत होती. आईने माझ्याकडे न बघता हात मागे केला.

"अरे, बॅग आण."

मी बॅग तिच्या पाठीशी उभी केली. ती बसली. आता दोघींची तोंडं एका रेषेत आली.

"अगं धाकटे, मोडेल ती!" मावशी म्हणाली.

"नाही मोडत," आई म्हणाली. "मी बसून बघून घेतलीय." आणि तिने मावशीचे दोन्ही हात हातात घेतले. मग दोघी रडल्या, आणि रडता रडताच कशावरून तरी भांडायला लागल्या.

त्या दाराबाहेरच्या फरशीला उतार होता. मला ते लगेच कळलं, कारण बॅग आईला घेऊन हळूहळू मावशीपासून लांब निघाली. मी चटकन चाकाला पाय लावला. खिशात फोन वाजत होता. फौजदार घरी आलेले असणार. मी घेतला नाही. आमच्याभोवती माणसं येत होती, जात होती, मावशीचा मुलगा दोनदा म्हणाला की गाडी थांबली आहे. दोघींचं बोलणं संपेपर्यंत मी तिथून पाय काढला नाही.